जुन्या स्प्रिंगच्या खुर्चीची गादी घरी नव्याने बांधताना : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर

खुर्ची हाताची, सागवानी. बुडात स्प्रिंगा, पाठीत काथ्या, वरून मरून रंगाचं रेक्झिन. नणंदेचा सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा ती आमच्याकडे आली. बसलं की माणूस उजवीकडे कलंडतो आणि पुढची कड मांडीत रुतते. हातांवरचं रेक्झिन फुटलंय. वाळवी नाही, लाकडातून भुसा गळत नाही, हे आधी उलटी करून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. चौकट किडलेली निघाली असती तर तिथेच थांबले असते.

गल्लीतल्या कुशनवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी तळहाताने बूड दाबलं आणि म्हणाले, "ताई, स्प्रिंगा काढून टाका. खाली प्लाय मारतो, वर चाळीस डेन्सिटीचा पाच इंची फोमचा ठोकळा. एका दिवसात देतो." मजुरी आणि फोम मिळून साडेचार हजार, कापड आपलं.

मी नको म्हटलं. ह्या खुर्चीची बैठक आणि पाठीचा कल स्प्रिंगांच्या हिशेबाने केलेला आहे. प्लायवरच्या फोमवर बसलं तर बाकावर बसल्यासारखं होतं, आणि मधोमध खड्डा पडला की पुन्हा नवा ठोकळा. मला शिवणकाम येतं, घरी मशीन आहे. हातोडीशी मात्र आजवर भिंतीत खिळा मारण्यापुरता संबंध.

२४ सप्टेंबर

उसवणं. गॅलरीत जुनी चादर पसरून, तोंडाला फडकं बांधून. धूळ इतकी निघते की हे काम घरात करू नये.

क्रम महत्त्वाचा: आधी बुडाखालचं कापड, मग पाठीची बाहेरची बाजू, हातांच्या बाहेरच्या बाजू, मग आतली पाठ, आतले हात आणि शेवटी बैठक. परत लावताना हाच क्रम उलटा. प्रत्येक तुकडा काढायच्या आधी फोटो, आणि काढल्यावर त्याच्यावर खडूने 'वर', 'डावा', 'पुढे' असं लिहून ठेवलं. फाटका असला तरी एकही तुकडा फेकू नका, नवं कापड ह्यांच्यावर ठेवूनच बेतायचं आहे.

रेक्झिनखाली हिरवं कापड निघालं, त्याखाली मूळचं फुलाफुलांचं. म्हणजे आधी दोनदा वरूनच मढवलंय, आत कोणी हात घातलेला नाही. आत सुपारीचे तुकडे, केसांच्या पिना, एक बटण.

सगळ्यात जास्त वेळ चुका, म्हणजे कापड ठोकायचे बारीक खिळे, काढण्यात गेला. तीन थरांच्या चुका एकाच पट्टीत ठोकलेल्या. जुना स्क्रू ड्रायव्हर चुकेच्या डोक्याखाली लावून लाकडी ठोकणीने मारायचं, आणि मार लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच बसला पाहिजे. पुढच्या पट्टीच्या उजव्या टोकाला मी आडवा मारला आणि बोटभर ढलपा उडाला. सागवान जुनं झालं की ठिसूळ होतं. ढलपा जपून ठेवलाय, चिकटवता येईल. अर्धवट वर आलेल्या चुका पक्कडीने ओढण्यापेक्षा चांभाराच्या जंबुराने ओढा. पक्कडीत त्यांची डोकी तुटतात.

नवारीच्या कडांवर काळे ठिपके दिसले, ढेकणांचे. जिवंत एकही नाही, पण खात्री कोण देणार. जुनी नवार आणि किंतान, म्हणजे तागाचं गोणपाट, सरळ कचऱ्यात. चौकटीच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतून उन्हात ठेवली. रॉकेल फासायचा सल्ला घरातूनच मिळाला होता. तो मानला नाही, कारण रॉकेल मुरलेल्या लाकडाला ना सरस धरत ना पॉलिश.

२८ सप्टेंबर

कलंडण्याचं कारण सापडलं, आणि ते स्प्रिंगांत नव्हतं. उजव्या मागच्या पायाचा सांधा हलत होता. जुना सरस वाळून साखरेसारखा झालेला. सांधा पूर्ण सोडवला, गरम पाण्याच्या फडक्याने जुना सरस भिजवून खरवडला. ह्या कामात घाई नको. जुन्या सरसावर फेव्हिकॉल लावला तर तो सरसाला चिकटतो, लाकडाला नाही.

क्लॅम्प नाही. नाड्याची जाड दोरी चौकटीभोवती दोन वेढे घेऊन बांधली, मधे लाटणं घालून पीळ दिला, आणि लाटणं पायाला अडकवून ठेवलं. पीळ देताना दोन्ही कर्ण टेपने मोजत राहायचं. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आलं नाही तर चौकट तिरकी चिकटते आणि ते नंतर सुधारत नाही. माझ्याकडे पाव इंचाचा फरक होता, दोरी थोडी सरकवल्यावर गेला. चोवीस तास हात लावला नाही.

पट्ट्यांमध्ये चुकांच्या भोकांची चाळण झालेली. मोठी भोकं बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून बुजवली, लहान भोकांत भुसा आणि फेव्हिकॉलचं लुकण. वरून मांजरपाटाची पट्टी चिकटवली. ही पट्टी चाचांनी सांगितली. नव्या चुकेला ती धरून ठेवते आणि लाकूड उकलू देत नाही.

३ ऑक्टोबर

काथ्याची पाळी. बैठकीतला काथ्या दाबून दाबून पोळीसारखा चपटा झालेला, पण धागा मजबूत होता. वाकवला तर तुटत नाही, सोडला तर परत उठतो. असा असेल तर टाकू नका. बादलीत भिजवला, पाणी काळंकुट्ट. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला आणि गच्चीवर पसरला.

दुपारी परतीचा पाऊस. मी ऑफिसात. संध्याकाळी काथ्या धुतला होता त्याहून ओला. पंख्याखाली ठेवला तर दुसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागला. मग ऊन पडलं तसं दिवसातून दोनदा उलटून-पालटून वाळवला, त्यात पाच दिवस गेले. काथ्या आतून ओला राहिला तर खुर्चीत बुरशी धरते, आणि ती कळेपर्यंत वर कापड चढलेलं असतं. पुण्यात हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावं, असं आता माझं ठाम मत आहे.

वाळल्यावर हाताने पिंजला. बोटं सोलवटतात, बागकामाचे हातमोजे घाला. पिंजल्यावर तोच काथ्या तिप्पट दिसायला लागला. तरी थोडा कमी पडेल असं वाटून किलोभर नवा आणला, ८० रुपये.

९ ऑक्टोबर

नवार. बैठकीत स्प्रिंगा असतील तर नवार चौकटीच्या खालच्या बाजूने मारतात. स्प्रिंगा नसतील तर वरून. बोहरी आळीतून दोन इंची पांढरी सुती नवार आणली, तीनशेची. दिसायला सुंदर, हाताला घट्ट.

एक टोक इंचभर दुमडून पाऊण इंची चुका मारायच्या, तीन मागे आणि दोन पुढे, एका रेषेत नाही. एका रेषेत मारल्या तर पट्टी त्याच रेषेत फाटते. दुसरं टोक कापायच्या आधी ताणायचं. ताणायला लाकडाच्या तुकड्यात खिळे आरपार ठोकून हत्यार केलं: नवार खिळ्यांत अडकवायची, तुकडा चौकटीला टेकवून खाली दाबायचा. सात उभ्या, सात आडव्या, चटईसारख्या वर-खाली ओवलेल्या. टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. खूश होते.

१२ ऑक्टोबर

स्प्रिंगा नऊ, तीन ओळींत तीन. सगळ्या जमिनीवर उभ्या करून तळहाताने सरळ दाबल्या. सहा परत आठ इंचांवर आल्या, तीन तिरक्या झुकल्या. त्या तीन बदलल्या, नव्या साधारण ८० रुपयांना एक. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा कडक असते, त्यामुळे मधे कुठेतरी मिसळली तर तिथेच उंचवटा लागतो. तिन्ही नव्या पुढच्या ओळीत लावल्या. उठताना आपण पुढच्या कडेवरच जोर देतो, तिथे कडकपणा चालतो. जुन्यांचा गंज तारेच्या ब्रशने काढला.

प्रत्येक स्प्रिंग नवारीला दाभणाने चार ठिकाणी शिवली. मग बांधणी. साधी पॅकिंगची सुतळी चुकेच्या कडेवर कातरली जाते. नायलॉनची दोरी तुटत नाही पण गाठ सरकते. तिपदरी तागाची जाड सुतळी घेतली आणि तिला मेण चोळलं.

मागून पुढे, डावीकडून उजवीकडे आणि मग दोन्ही कर्णांवर. म्हणजे प्रत्येक स्प्रिंगेच्या वरच्या कड्यावर आठ दिशांनी सुतळी येते. कड्याच्या अलीकडे एक गाठ, पलीकडे एक. मधून नुसती सुतळी ओढत नेली तर एक दोर तुटल्यावर सगळी ओळ सैल पडते. आठ इंची स्प्रिंग साडेसहावर बांधली. मधली सरळ उभी, कडेच्या किंचित बाहेर झुकलेल्या. उंची मोजायला पुठ्ठ्याची साडेसहा इंची पट्टी कापून घेतली, नजरेवर विश्वास ठेवला नाही.

वरून किंतान घालायच्या आधी धान्याचं पोतं ठेवून बघ, असं सासूबाई म्हणाल्या. तीस किलो गव्हाचं पोतं बैठकीवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

१६ ऑक्टोबर

पोतं उचललं. बैठक इंचभर खाली. स्प्रिंगा साडेसहाच्याच, गाठी जागच्या जागी. खाली वाकून पाहिलं तर नवार झोळीसारखी लोंबत होती.

चाचांना फोटो दाखवला. "ही पलंगाची नवार आहे ताई. पलंगाची सैल झाली की आवळता येते. खुर्चीची कोण आवळणार?" सुती नवार भाराखाली लांबते, इतकं साधं कारण. खुर्चीला तागाची पट्टी लागते, मळकट रंगाची, मधे काळी रेघ असलेली. नाना पेठेत गाड्यांच्या सीटचं सामान विकणाऱ्यांकडे मिळाली, साधारण २५ रुपये मीटर. दहा मीटर लागली.

सुती नवार काढायची म्हणजे स्प्रिंगांचे शिवलेले सगळे टाके कापायचे. वरची बांधणी वाचवायचा प्रयत्न केला: चौकट उलटी करून एकेक सुती पट्टी काढली आणि तिच्या जागी तागाची ओवली. पहिल्या चार पट्ट्यांपर्यंत जमलं. मग वरचे दोर वाकडे ओढले जायला लागले आणि मधली स्प्रिंग लवंडली. शेवटी सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून. पोतं ठेवलं नसतं तर हे कापड चढवल्यावर कळलं असतं.

२० ऑक्टोबर

तागाच्या पट्ट्या मारून झाल्या, स्प्रिंगा पुन्हा शिवल्या, बांधल्या. ह्या वेळी हात बसला होता. पोतं परत बैठकीवर. पंधरवडाभर त्याला हात लावायचा नाही, एवीतेवी दिवाळीची आवराआवर आहेच.

मधल्या वेळात पायांचं आणि हातांच्या पुढच्या लाकडाचं पॉलिश. कापड चढवायच्या आधीच करा, नंतर डाग पडतात. जुनं पॉलिश स्पिरिटच्या फडक्याने निघालं. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात दिले. एका ढगाळ संध्याकाळी दिलेला हात पांढुरका पडला. हवेतल्या ओलीने लाखेचं असंच होतं. दुसऱ्या दिवशी उन्हात नुसतं स्पिरिट लावलेला बोळा हलक्या हाताने फिरवला, गेला.

९ नोव्हेंबर

बैठक जागेवर आहे. पाव इंचसुद्धा हललेली नाही.

आता किंतान. घरातलं साखरेचं पोतं वापरायचा मोह होता, पण त्याची वीण विरळ आणि वासावर मुंग्या येणार. नवं जाड किंतान आणलं, स्प्रिंगांवर ताणून मारलं आणि प्रत्येक स्प्रिंगेला परत शिवलं. मग किंतानावर सुतळीचे सैल टाके, हात आत जाईल इतके सैल, आणि त्यांच्याखाली काथ्या कोंबायचा. टाके नसतील तर काथ्या बसता बसता मागे सरकतो.

पुढच्या कडेला काथ्याची गच्च वळकटी करून किंतानात गुंडाळून शिवली. मांडीला रुतणारी जुनी कड म्हणजे हीच, आतला काथ्या चेपून लाकूड वर आलं होतं. वळकटी अंगठ्याने दाबून खाली लाकूड लागतंय का ते बघत गेले. लागलं तिथे आणखी काथ्या. ह्या शिवणीला वाकडी सुई लागते. दाभण तसाच वाकवायला गेले, मोडला. दुसरा गॅसवर लाल करून पाइपाभोवती वाकवला. मऊ झाला, पण किंतानापुरता चालला.

बसून पाहिलं आणि आवाज! डावीकडे भार दिला की कुईं. कान लावून शोधलं: मागच्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगेचं खालचं टोक पट्टीच्या चुकेवर घासत होतं. खालून हात घालून टोकाला कापडाची चिंधी गुंडाळून शिवली. बंद. बुडाखालचं कापड शेवटी लावतात ते बरं.

१५ नोव्हेंबर

काथ्यावर कापसाचा थर, पिंजाऱ्याकडून किलोभर. हा थर चुकवला तर काथ्याचे धागे कापडातून टोचतात. त्यावर मांजरपाट. मांजरपाट हीच खरी परीक्षा, कारण आतले सगळे उंचवटे आणि खड्डे इथे दिसतात. मला उजवीकडे खड्डा दिसला, चुका काढून मूठभर कापूस सरकवला.

पाठीला मात्र मी फोम लावला, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. पाठीवर भार कमी असतो. दोन इंची, ३२ डेन्सिटी, खाली तागाच्या पट्ट्या आणि किंतान. जुना पाठीचा काथ्या भुगा झाला होता. सगळीकडे जुनंच हवं असा हट्ट धरला तर खुर्ची पुढच्या वर्षीही गॅलरीतच राहील.

२३ नोव्हेंबर

कापड. सोलापुरी चादरीने मढवायची फार इच्छा होती. घरातल्या एका चादरीचा कोपरा चौकटीवर ओढून पाहिला. सरळ ओढलं तर ठीक, तिरकं ओढलं की वीण सैल पडते आणि कोपऱ्यात घडी जाड होते. बेत सोडला. ५४ इंची पन्ह्याचा जाड सुती कॅनव्हास घेतला, निळा, बिनडिझाइनचा. चार मीटर, ४८० रुपये मीटर. आधी धुवून, वाळवून, इस्त्री केली. सुती कापड आटतंच, ते खुर्चीवर आटण्यापेक्षा बादलीत आटलेलं बरं. उभ्या पट्ट्यांचं किंवा फुलांचं घेतलं असतं तर डिझाइन जुळवायला आणखी मीटरभर लागलं असतं.

प्रत्येक तुकड्याच्या कडांच्या मध्यावर छोटी खाच, चौकटीच्या मध्यावर खडूची खूण. मध्य मध्याला जुळवून एक चूक मारायची, मग समोरची बाजू, मग दोन्ही बगला, आणि मधून कोपऱ्यांकडे जायचं. सगळ्या चुका आधी अर्ध्याच ठोकायच्या. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर कापड तिरकं ताणलं जातं.

स्टेपल गन आणली होती, हाताने दाबायची, साडेसातशेची. जुन्या सागवानात पिना अर्ध्याच शिरतात, निम्म्या वाकतात. चाचांच्या हवेच्या गनेला अडचण नाही, माझ्या मनगटाला आहे. ती गन ड्रॉवरमध्ये गेली आणि सगळं काम तीन-अष्टमांश इंची चुकांवर झालं. चाचा चुका तोंडात धरून एकेक काढतात. मी पोळपाटावर लोहचुंबक ठेवून त्यावर पसरल्या.

हाताच्या खांबाशी कापड चिरून दोन्ही बाजूंनी घ्यावं लागतं. चीर तिरकी द्यायची आणि खांबाच्या पाऊण इंच आधी थांबायचं. ओढून पाहायचं, मग थोडं आणखी. डाव्या बाजूला माझी चीर अर्धा इंच जास्त गेली आणि मांजरपाट दिसू लागला. उरलेल्या कापडाचा तुकडा आतून चिकटवून बारीक टाके घातले. कोणी गुडघ्यावर बसून पाहिलं तर दिसेल.

पाठीची बाहेरची बाजू वरून पुठ्ठ्याच्या पट्टीवर उलटी मारून खाली ओढली, बाजूंनी हाताने आंधळी शिवण, टाके बाहेरून दिसत नाहीत अशी. शिवणकाम येणाऱ्यांना इथे मजा येईल. बुडाखाली काळं मांजरपाट.

हिशेब: एकूण ५,७०० च्या आसपास. त्यातले सुती नवारीचे तीनशे आणि गनचे साडेसातशे वाया. चाचांकडून करून घेतली असती तर कापडासह साडेसहा हजारांच्या आत झाली असती, तीसुद्धा एका दिवसात. पैसे वाचवायला हे करायचं असेल तर विचार करा. त्यांच्या दरात स्प्रिंगा मात्र गेल्या असत्या.

चाचा येऊन बसून गेले. पुढची कड दाबून पाहिली आणि म्हणाले, "हे बांधणारे आता कमी राहिले." मग डावा खांब दिसला त्यांना.

२१ डिसेंबर

रोज वापरात आहे. बैठक किंचित दबली, तेवढं कापसाचं दबणं धरलेलं होतं. कलंडत नाही, कुरकुरत नाही. मांजराने पाठीच्या कोपऱ्यावर नखं चालवली, कॅनव्हासचे दोन धागे निघालेत, ते सुईने आत ओढले. हातांच्या पुढच्या टोकांवर निळा रंग आत्ताच काळपट दिसायला लागलाय. तिथे रेक्झिन का लावायचे ते कळलं. पाऊण मीटर कापड उरलंय. त्यातून हातांवर घालायचे दोन अभ्रे बेतलेत, धुता येतील असे. रविवारी शिवून टाकते.